स्टिअरिंगला ‘खेळ’ कुठून येतो?

नागपूरहून हिंगण्याकडे निघाले की औद्योगिक वसाहत लागते. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना याच वसाहतीत आहे. नवे कोरे ट्रॅक्टर या रस्त्याने बाहेरगावी जातात. दिवाळीनंतर याच परिसरातल्या रस्त्यांवर जुने, कष्ट केलेले ट्रॅक्टर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढताना दिसतात. अशा एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या चालकाचे हात थोडा वेळ पाहा. रस्ता सरळ असतो, तरी त्याचे हात स्थिर नसतात. स्टिअरिंगचे चाक तो सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे फिरवत असतो. सवयीमुळे त्याला स्वतःला ते जाणवतही नाही.

याला गॅरेजमधले मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात, शेतकरी ‘खेळ’ म्हणतात. स्टिअरिंग फिरवले तरी पुढची चाके लगेच वळत नाहीत. आधी काही अंतर हात नुसताच फिरतो. हे अंतर म्हणजे खेळ. तो कुठून येतो, तो मोजता येतो का, आणि जो भाग खरोखर झिजला आहे नेमका तोच कसा ओळखायचा व बदलायचा, हे या लेखात पाहू. यासाठी लागणारे विज्ञान आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतलेच आहे.

एक जुना ट्रॅक्टर

हिंगणा तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राच्या घरी आम्ही गेलो होतो. त्यांच्या थोरल्या भावाकडे बरीच वर्षे वापरलेला, साध्या स्टिअरिंगचा एक ट्रॅक्टर आहे. तो कोणत्या कंपनीचा हे इथे महत्त्वाचे नाही, कारण ही झीज सगळ्याच ट्रॅक्टरांत होते. भाऊ म्हणाले, “सर, स्टेरिंग लय खेळते. मिस्तरी म्हनते, पुरा बॉक्सच बदलावा लागते.”

स्टिअरिंगचा पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे हंगामाच्या तोंडावर मोठा खर्च. न बदलावा तर त्याच ट्रॅक्टरने माल भरलेली ट्रॉली घेऊन रहदारीच्या रस्त्यावर जायचे, आणि त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुले चालत असतात. म्हणजे प्रश्न पैशाचाही होता आणि सुरक्षिततेचाही. आमचे रोजचे काम धातूंच्या झिजेवर आहे, तेव्हा आम्ही म्हणालो, “भाऊ, आधी मोजून तर पाहू.”

हातापासून चाकापर्यंतची साखळी

आपली बंडी आठवा. तिला दोनच चाके असतात आणि ती एकाच कण्यावर, पण स्वतंत्रपणे फिरतात. वळण घ्यायचे असेल तर बैल वळतात आणि बंडी त्यांच्यामागे जाते. एक चाक कमी फिरते, दुसरे जास्त. त्यामुळे बंडीला स्टिअरिंग लागत नाही. चार चाकांच्या वाहनाला मात्र पुढची चाके वळवावी लागतात आणि त्यासाठी चालकाच्या हाताची हालचाल चाकापर्यंत पोचवावी लागते.

साध्या स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरमध्ये ही हालचाल अशी पोचते. स्टिअरिंगच्या चाकाला जोडलेला दांडा गिअरबॉक्समध्ये जातो. तिथे स्क्रूसारखे आटे आणि दातेरी पट्टा यांच्या साहाय्याने मोठी फेरी लहान कोनात बदलते. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या अक्षावर एक आखूड दांडा लटकलेला असतो, तो ड्रॉप आर्म. ड्रॉप आर्म पुढे-मागे झुलतो आणि ड्रॅग लिंक नावाच्या लांब दांड्याला ढकलतो किंवा ओढतो. ड्रॅग लिंक एका पुढच्या चाकाच्या आर्मला वळवते आणि तिथून टाय रॉड नावाचा आडवा दांडा दुसऱ्या चाकाला वळवतो.

ही एक साखळीच आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात थोडी जरी ढिलाई असली तरी ती सगळी बेरजेने चालकाच्या हातात येते. हात फक्त बेरीज सांगतो. कोणत्या सांध्याचा वाटा किती, हे तो सांगत नाही. मिस्त्रींची गल्लत इथेच होते. गिअरबॉक्स हा साखळीतला सर्वांत मोठा आणि महाग भाग असल्यामुळे संशय आधी त्याच्यावर जातो.

सांध्यात गोळी कशाला?

ड्रॅग लिंक आणि टाय रॉड यांच्या टोकांना साधी बिजागरी का नाही? याचे कारण असे की ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर टेकलेला असतो आणि शेतातल्या उंचसखल जमिनीवर तो तराजूच्या दांडीसारखा डुलतो. म्हणजे सांध्याला एकाच वेळी आडवेही वळावे लागते आणि वर-खालीही. बिजागरी एकाच दिशेने वळते. आपल्या खांद्याचा सांधा मात्र सर्व दिशांना फिरतो, कारण तिथे हाडाचा गोल माथा वाटीसारख्या खोबणीत बसलेला असतो. ट्रॅक्टरमधला बॉल जॉइंट तसाच आहे. पोलादी गोळी, तिच्याभोवती वाटी, आत ग्रीस आणि धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वरून रबरी टोपी.

दोन पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, बाहेरचे मोठ्या. म्हणून दोघांचे कोन वेगळे असावे लागतात. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर १.९ मीटर, दोन चाकांमधले अंतर १.३ मीटर आणि वळणाची त्रिज्या मागच्या आसाच्या मध्यापाशी ४ मीटर धरली, तर आतले चाक सुमारे ३० अंशांनी आणि बाहेरचे सुमारे २२ अंशांनी वळायला हवे. टॅनची कोष्टके वापरून दहावीचे विद्यार्थी हे गणित करू शकतील : १.९ ला ३.३५ ने भागा, मग ४.६५ ने भागा. कोनांचा हा फरक साधण्यासाठी टाय रॉड आणि दोन्ही आर्म मिळून आयत न करता समलंब चौकोन करतात. ही कल्पना म्युनिकचा गाडी बनवणारा कारागीर लांकेनस्पेर्गर याची. त्याचा इंग्लंडमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून नाव राहिले ते आकरमनचे. ती घोडागाड्यांसाठी होती. मोटारी तेव्हा जन्मायच्या होत्या.

झीज कशी होते?

दोन पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. ते एकमेकांवर टेकतात ते फक्त काही शिखरांवर. घसरताना यातली काही शिखरे तुटतात, त्यांचे कण सुटतात. १९५३ मध्ये आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने याचा एक साधा नियम मांडला. झिजून गेलेले आकारमान हे भार आणि घसरण्याचे एकूण अंतर यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात असते आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट, तर झीज दुप्पट. पदार्थ दुप्पट कठीण, तर झीज निम्मी. समप्रमाणाचा जो स्थिरांक आहे तो वंगणामुळे अनेक पटींनी कमी होतो. म्हणूनच दोन-चार रुपयांचे ग्रीस शेकडो रुपयांचा सांधा वाचवते. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालाने ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव रूढ केले. ‘घासणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ उडते. या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् मापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, साधे पोलाद त्याच्या बरेच खाली येते. रबरी टोपी फाटली की हे कण ग्रीसमध्ये मिसळतात. मग ग्रीस हे वंगण राहत नाही, ती पॉलिश कागदाची लुगदी होते. पावसाळ्यात काळ्या रेगड मातीचा चिखल आत शिरतो, पाणी ग्रीसला बाहेर ढकलते आणि गंज चढतो. एकदा फट पडली की चाकाला बसणाऱ्या प्रत्येक धक्क्यासरशी गोळी वाटीवर हातोडीसारखी आपटते आणि फट आणखी वाढते. झीज अशी झिजेलाच खतपाणी घालते. म्हणून खेळ बरीच वर्षे थोडा थोडा वाढतो आणि शेवटच्या एक-दोन हंगामांत भराभर वाढतो.

अमेरिकेत घराभोवतीचे गवत कापण्यासाठी बसून चालवायची छोटी यंत्रे असतात. त्यांतही हेच घडते. अशा अनेक यंत्रांत स्टिअरिंगच्या दांड्याला एक लहान दंतचक्र असते आणि ते पंख्याच्या आकाराच्या दातेरी पत्र्याला फिरवते. यंत्र बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे पत्र्याचे मधले दाते सर्वांत जास्त झिजतात, कडेचे जवळजवळ नवे राहतात. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्येही झीज मध्यावर जास्त असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मोजमाप

भाऊंच्या ट्रॅक्टरवर आम्ही पुढची मोजमापे घेतली. साधने होती एक टेप, एक खडू आणि एक पट्टी.

इंजिन बंद, पुढची चाके सरळ. स्टिअरिंगच्या चाकावर खडूने एक खूण केली. पुढचे चाक जरासे हलेपर्यंत स्टिअरिंग डावीकडे नेले, मग तसेच उजवीकडे. खडूची खूण एकूण १२ सेंटिमीटर सरकली. स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर होती. कंस भागिले त्रिज्या म्हणजे रेडियनमधला कोन : १२ भागिले २० म्हणजे ०.६ रेडियन, सुमारे ३४ अंश.

मग पुढची चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवली. स्टिअरिंगला साडेतीन फेऱ्या लागल्या, म्हणजे १२६० अंश. चाक वळले सुमारे ७० अंश. म्हणजे गुणोत्तर १८ ला १. हाताला १८ अंश फिरवावे तेव्हा चाक १ अंश वळते. यांत्रिक लाभासाठी दिलेली ही किंमत आहे. हाताला जोर कमी लागतो, पण अंतर जास्त लागते.

तेव्हा ३४ अंशांचा खेळ म्हणजे चाकाच्या ठिकाणी ३४ भागिले १८, सुमारे १.९ अंश. मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक अंश. एक अंश म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. जरा गणित करू. चाके १ अंशाने वळलेली राहिली तर ट्रॅक्टर सुमारे ११० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जातो. अशा वर्तुळावर २० मीटर गेल्यावर सरळ रेषेपासून तो किती ढळेल? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट : ४०० भागिले २२०, म्हणजे सुमारे १.८ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने २० मीटर जायला तीन सेकंदही लागत नाहीत. चालकाने तीन सेकंद हात स्थिर ठेवला तर ट्रॅक्टर पावणेदोन मीटर बाजूला जाऊ शकतो. चालकाचे हात सतत का हलत असतात, याचे उत्तर इथे मिळते.

दोष कोणत्या सांध्यात?

विजेचा दिवा लागत नसेल तर आपण काय करतो? घटापासून सुरुवात करून एकेक जोड तपासत जातो. जिथपर्यंत वीज पोचते आणि जिथून पुढे पोचत नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो. इथेही तेच केले. भाऊ वर बसून स्टिअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहिले. टायर जमिनीवरच ठेवले होते, कारण जमिनीचा विरोध असला तरच ढिलाई उघडी पडते. आम्ही खाली प्रत्येक सांध्यावर बोटे टेकवून पाहत गेलो.

गिअरबॉक्सच्या बाहेरचा ड्रॉप आर्म हातासरशी हलत होता, अगदी थोडी कुचराई सोडली तर. म्हणजे बॉक्स बराचसा निर्दोष. ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक यांच्या सांध्यावर बोट ठेवले तर दर फेरीला ‘टक्’ असा धक्का जाणवला. आर्म हलत होता, लिंक हलत नव्हती. मग एकदम हलत होती. या सांध्याची रबरी टोपी फाटलेली होती. पुढचे सांधे जवळजवळ घट्ट होते.

पट्टी लावून पाहिले तर या सांध्यातली ढिलाई ३ मिलिमीटरच्या आसपास होती. एवढ्याशा ढिलाईने हातात किती खेळ येईल? चाकाचा आर्म १५ सेंटिमीटर लांब होता. १ मिलिमीटर भागिले १५० मिलिमीटर म्हणजे ०.३८ अंश. त्याला १८ ने गुणा, ६.९ अंश. २० सेंटिमीटर त्रिज्येवर हे होतात २.४ सेंटिमीटर. म्हणजे सांध्यातला दर मिलिमीटर हातात २.४ सेंटिमीटर होऊन येतो. ३ मिलिमीटरचे सव्वासात सेंटिमीटर. एकूण १२ सेंटिमीटरांपैकी निम्म्याहून जास्त खेळ या एका सांध्याचा होता.

बॉक्सवर एक समायोजनाचा स्क्रू असतो. तो आवळला की खेळ कमी झाल्यासारखा वाटतो, आणि हा मोह पुष्कळांना होतो. पण मघाची गोष्ट आठवा. बॉक्समधले दाते मध्यावर झिजलेले, कडेला नवे. मध्यावरची ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला तर पूर्ण वळणावर दाते एकमेकांत रुततात आणि ऐन वळणात स्टिअरिंग जड होते. शिवाय झिजलेला सांधा तसाच राहतो. तो पूर्ण झिजून गोळी वाटीतून निसटली, तर स्टिअरिंग आणि चाके यांचा संबंधच तुटतो. चालक स्टिअरिंग फिरवत राहील आणि ट्रॅक्टर त्याला वाटेल तिकडे जाईल.

सांधा बदलताना

काम अनुभवी मिस्त्रीनेच केले; विद्यार्थ्यांनी हे स्वतः करू नये. पण प्रत्येक पायरीमागे विज्ञान आहे, ते पाहण्यासारखे आहे.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. जॅकने पुढचा भाग उचलला तर खाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

गोळीचा दांडा शंकूसारखा निमुळता असतो आणि तशाच निमुळत्या भोकात बसतो. वरून खाचांचा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन. पिन काढली, नट सैल केला, तरी दांडा निघत नाही. समजा शंकूचा व्यास दर १० मिलिमीटर लांबीला १ मिलिमीटरने कमी होतो. मग त्याच्या बाजूचा उतार २० ला १, म्हणजे ०.०५ झाला. पोलादावर पोलादाचा घर्षणांक याच्या कितीतरी पट असतो. उतार घर्षणांकापेक्षा कमी असेल तर वस्तू घसरत नाही, हे आपण उतरणीच्या प्रयोगात पाहतो. तेच इथे घडते, म्हणून शंकू स्वतःच घट्ट धरून राहतो. मग मिस्त्री आट्यांवर घाव घालत नाही. तो भोकाच्या कडेच्या एका बाजूला जड हातोडा टेकवतो आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोडीने जोरात ठोकतो. क्षणभर गोल भोक किंचित लंबगोल होते, पकड सुटते आणि दांडा खाली येतो. नट दोन आट्यांवर ठेवलेला असतो, म्हणजे सुटा झालेला भाग अंगावर उडत नाही.

जुना सांधा लिंकमधून फिरवून काढताना त्याचे फेरे मोजले आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला. ड्रॅग लिंकची लांबी बदलली तर पुढची चाके सरळ असताना गिअरबॉक्स आपल्या मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला वळण कमी मिळते. टाय रॉडचा सांधा बदलला तर आणखी काळजी घ्यावी लागते. तिथे लांबी बदलली की दोन चाकांच्या पुढच्या कडांमधले व मागच्या कडांमधले अंतर बदलते आणि टायर फरफटत झिजतात. हे अंतर काही मिलिमीटरांच्या मर्यादेत ठेवायचे असते. ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते.

शेवटी नट पुस्तिकेत सांगितल्याइतका आवळला. पिनचे भोक आणि नटची खाच जुळली नाही तर नट आणखी थोडा आवळून जुळवतात, सैल करून नव्हे. पिन नेहमी नवी. झिजलेल्या गोळीवर वेल्डिंग करून ती पुन्हा वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेला कठीणपणा जातो आणि सांधा ठिसूळ किंवा मऊ होतो. सगळे झाल्यावर ग्रीस गनने जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत सगळ्या सांध्यांत नवे ग्रीस भरले.

पुन्हा खडूची खूण केली. १२ सेंटिमीटरांचा खेळ ४ सेंटिमीटर झाला होता, पुस्तिकेतल्या मर्यादेत. आमच्या गणितापेक्षा खेळ थोडा जास्तच कमी झाला, कारण पट्टीने मिलिमीटरचा अंश अचूक मोजता येत नाही. गिअरबॉक्स जागच्या जागी राहिला. भाऊ शेतातून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “हो जी, आता हाताले समजते चाक कुठं हाये ते.” मोजमापाचे वर्णन याहून नेमके करणे आम्हालाही जमले नसते.

अलीकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असते. त्यात ड्रॉप आर्म व ड्रॅग लिंक नसतील, पण टाय रॉडचे बॉल जॉइंट असतातच. उलट जोर हाताला जाणवत नसल्यामुळे तिथली झीज उशिरा ध्यानात येते. म्हणून ते डोळ्यांनी तपासावेच लागतात.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या घ्या : एक १० सेंटिमीटर, एक २० आणि एक १५ सेंटिमीटर लांब. १० व १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांचे एकेक टोक टाचणीने लाकडी फळीवर रोवा, म्हणजे त्या टोकाभोवती फिरतील. त्यांची मोकळी टोके २० सेंटिमीटरच्या पट्टीने टाचण्यांनी जोडा. पहिली पट्टी झाली ड्रॉप आर्म, मधली ड्रॅग लिंक, तिसरी चाकाचा आर्म. आता मधल्या पट्टीचे एक भोक पेन्सिलच्या टोकाने ३ मिलिमीटरनी मोठे करा. चाकाचा आर्म बोटाने धरून ठेवा आणि पहिली पट्टी किती अंश रिकामी फिरते ते कोनमापकाने मोजा. मग भोक ६ मिलिमीटरनी मोठे करा. कोन दुप्पट झाला का? पहिली पट्टी १० ऐवजी ५ सेंटिमीटरची घेतली तर काय होईल? आधी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगा, मग मोजू द्या.

त्यानंतर एखाद्या दिवशी त्यांना गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे घेऊन जा. झिजलेली गोळी मागून घ्या आणि तिचा व्यास दोन दिशांनी मोजू द्या. गोल म्हणून बनवलेली वस्तू आता गोल राहिलेली नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने कळेल. आणि घरी ट्रॅक्टर असलेली मुले त्या संध्याकाळी खडू घेऊन स्टिअरिंगपाशी गेल्याशिवाय राहणार नाहीत.